आसिएत्ताचा खडीचा रस्ता (इटली): दोन बाइक, एक छोटी गाडी. काय तयारी लागेल?

खिंडवारा

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इटलीच्या पिएमोंते भागातला आसिएत्ताचा कच्चा रस्ता करायचा बेत आहे. सूझा गावातून कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही खिंड चढायची, पलीकडे थोडं उतरून आसिएत्ताला लागायचं आणि सेस्त्रिएरेला बाहेर पडायचं. मी म्युनिकला राहतो, लायसन्स जर्मन आहे. पुण्याहून दोन मित्र येणार आहेत, त्यांची लायसन्स भारतीय. दोन मध्यम ॲडव्हेंचर बाइक (८००-९०० सीसी, अलॉय चाकं, ट्यूबलेस) आणि एक छोटी एसयूव्ही, फक्त पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली, मिलानहून भाड्याने घ्यायची आहे. एका बाइकवर मागे पत्नी बसेल.

घाटांची सवय सगळ्यांना आहे, सलग तीस-पस्तीस किमी खडीची मात्र कोणालाच नाही. तर प्रश्न असे: दिवस आणि दिशा कोणती निवडावी? टायरमध्ये हवा किती ठेवावी? भाड्याच्या सामान्य टायरवर हा रस्ता होतो का? गाडीला फोर-व्हील-ड्राइव्ह लागते का? आणि मागे कोणी बसलेलं असताना खडीवर बाइक नेणं शहाणपणाचं आहे का?

तुरिनकर

सर्वांत आधी भाड्याचा करार बघा, बेत तिथेच अडण्याची शक्यता जास्त आहे. बऱ्याच करारांत डांबर नसलेल्या रस्त्यावर वाहन नेलं तर विमा लागू होत नाही, असं कलम असतं. आसिएत्ता हा प्रांतिक रस्ता क्रमांक १७३ आहे, नकाशात रीतसर दाखवलेला आहे, पण भाडेकंपनीपुढे त्याचा उपयोग नाही. करारात 'स्त्रादे स्तेर्राते' (कच्चे रस्ते) किंवा 'नॉन आस्फाल्ताते' (डांबर नसलेले) हे शब्द शोधा. बुकिंग करण्यापूर्वी ईमेलमध्ये रस्त्याचं नाव आणि क्रमांक लिहून लेखी होकार घ्या. काउंटरवरच्या तोंडी होकारावर विसंबू नका. गाडीच्या बाबतीत पूर्ण विमा घेतला तरी टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो, आणि खडीवर मार बसतो तो याच तिन्हींना.

मित्रांनी भारतातूनच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणावं. आरटीओकडे फॉर्म ४ ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पुस्तिकेत मोटरसायकलच्या वर्गापुढे शिक्का आहे का, हे खिडकीवरच तपासायला सांगा. सोबत मूळ लायसन्सचं कार्ड हवंच. मोबाइलमधली डिजिलॉकरची प्रत इथे चालेल असं धरू नका.

हेल्मेट पुण्याहून आणणार असतील तर आतल्या पट्ट्यावर ईसीई (युरोपात चालणारं सुरक्षा मानक) २२.०५ किंवा २२.०६ ची चिठ्ठी शिवलेली असायला हवी. नुसता आयएसआयचा शिक्का इटलीत मान्य नाही. हेल्मेट ईसीईचं नसेल तर ते इथे भाड्याने किंवा विकत घेतलेलं बरं.

आता दिवस. जुलै आणि ऑगस्टमध्ये आसिएत्ता बुधवारी आणि शनिवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मोटारवाहनांना बंद असतो, ते दिवस सायकलवाल्यांचे आणि पायी चालणाऱ्यांचे. सकाळी ९ च्या आत शिरलं की झालं, असा हिशेब करू नका, ९ वाजता तुम्ही बाहेर पडलेले असायला हवे. रस्ता कधी उघडणार, वजनाची आणि वेगाची मर्यादा काय, यांचा आदेश तोरिनो महानगर प्रशासन दर हंगामात काढतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर तो पुन्हा बघा, कारण दरड आली किंवा सायकल शर्यत असली तर मधूनच रस्ता बंद करतात. रविवार कायद्याने मोकळा असला तरी गर्दीचा. त्यातून जुलैतल्या एका रविवारी कोल्ले देल'आसिएत्तावर १९ जुलै १७४७ च्या लढाईच्या स्मरणार्थ उत्सव भरतो, त्या दिवशी तर खिंडीत वाहन उभं करायलाही जागा मिळत नाही. पिएमोंतेच्या सैन्याने फ्रेंचांना याच धारेवर थोपवलं होतं. माझी शिफारस सोमवार, मंगळवार किंवा गुरुवार.

दिशा तुम्ही ठरवली आहे तीच ठेवा, सूझाहून सेस्त्रिएरेकडे. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी राहतो, खड्डे आणि चरी सावलीमुळे स्पष्ट दिसतात. दुपारनंतर त्याच दिशेने गेलात तर ऊन आणि समोरच्या गाडीचा धुरळा दोन्ही डोळ्यांवर. शिवाय पो नदीच्या मैदानावरची दमट हवा दुपारी वर सरकते आणि फिनेस्त्रेची खिंड ढगात जाते. सूझाहून ७ वाजता निघालात तर दुपारी बाराच्या आत सेस्त्रिएरेला जेवायला पोचता.

अंतरं अशी धरा. सूझाजवळच्या मेआनाकडून फिनेस्त्रेपर्यंत सुमारे १८.५ किमी, सरासरी चढ ९ टक्क्यांच्या वर, शेवटचे सुमारे ८ किमी खडी. खिंड २,१७६ मीटरवर. पलीकडे डांबरावरून पियान देल आल्पेपर्यंत उतरायचं आणि उजवीकडे वळायचं. तिथून सेस्त्रिएरेपर्यंत साधारण ३४ किमी खडी, बराचसा भाग २,३०० ते २,५०० मीटरच्या दरम्यान धारेवरून जातो. सूझाला टाकी भरा, मध्ये पंप नाही.

स्पोकपाना

टायरचं सांगतो. कोरड्या दिवसात ७०-३० किंवा ८०-२० प्रकारचे टायर (७० टक्के डांबर, ३० टक्के खडी) पुरतात. मिशेलिन अनाकी ॲडव्हेंचर, कॉन्टिनेंटल टीकेसी ७०, हायडेनाऊ के ६० स्काउट यांपैकी काहीही चालेल. मोठ्या गुट्ट्यांचे टायर या रस्त्याला गरजेचे नाहीत, आणि मिलान ते सूझा हमरस्त्यावर ते उगाच झिजतात. बघायचं ते इतकंच, की मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झालेला नसावा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी खाच उरली असेल तर बाइक घेताना बदलून मागा. पातळ झालेल्या टायरमध्ये इथला दगड लवकर घुसतो. या धारेवरचा बराच खडक कॅल्कशिस्ट जातीचा आहे. तो चपट्या, धारदार तुकड्यांत फुटतो, त्यामुळे गोल गोट्यांपेक्षा टायरच्या बाजूच्या भिंतीला जास्त धोका.

हवा: डांबरावर अशा बाइकला साधारण पुढे २.५ आणि मागे २.९ बार असते. खडीवर एकट्यासाठी पुढे २.० आणि मागे २.२ ठेवा. मागे माणूस बसणार असेल तर मागे २.५ च्या खाली जाऊ नका. हवा कमी केल्याने टायर दगडाभोवती थोडा दबतो, पकड वाढते आणि हँडलला बसणारे दणके कमी होतात. पण अलॉय चाकांवर फार कमी हवा धोक्याची. रस्त्याला आडव्या चरी आहेत, त्यांच्या काठावर टायर पूर्ण दबला की रिम वाकते आणि वाकलेल्या रिमवर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. स्पोकच्या चाकाची रिम तारा ओढून किंवा ठोकून कशीबशी चालवता येते, अलॉयला तडा गेला तर तिथेच थांबायचं.

एक बारकावा सहसा सुटतो. सूझा ५०० मीटरवर आणि धार २,५०० वर. बाहेरचा हवेचा दाब तेवढ्यात सुमारे ०.२ बारने घटतो, म्हणून गेजवर टायरचा दाब तेवढा जास्त दिसतो. उलट वर पोचेपर्यंत तापमान पंधरा-सोळा अंशांनी उतरलं असेल तर दाब साधारण ०.१५ ने कमी होतो. दोन्हींची वजाबाकी जवळजवळ शून्य, पण चढताना टायर तापतो त्याची भर वेगळी. म्हणून सूझाच्या पंपावर खडीचा दाब लावून निघू नका. डांबर संपतं तिथे थांबा, दहा मिनिटं टायर निवू द्या, मग सोडा. सेस्त्रिएरेला पोचल्यावर डांबरावर उतरण्यापूर्वी परत भरा. कमी हवेने हमरस्त्यावर १२० ने गेलात तर टायर आतून तापून खराब होतो.

त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हवा. सीओटूच्या छोट्या नळकांड्यांवर विसंबू नका. १५०/७० आर १७ मापाच्या मागच्या टायरला १६ ग्रॅमच्या एका नळकांड्यातून जेमतेम अर्धा बार मिळतो, म्हणजे रिकामा टायर भरायला चार-पाच लागतात. सोबत पंक्चरचा किट: चिकट दोऱ्यांचा, किमान सहा दोरे. दोरा घालण्याआधी रिमरने (किटमधल्या खरवडायच्या अवजाराने) भोक खरवडून घ्या, नाहीतर दोरा बसत नाही. हा उपाय टायरच्या मधल्या भागासाठीच. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर दोऱ्यावर डांबरावर धावायचं नाही, टेम्पो बोलवायचा.

बाकी सामान: क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर (बाइक जागेवर आडवी पडली तरी पहिला हाच मोडतो), ८, १०, १२, १३ चे पाने, टॉर्क्स बिट, झिप टाय, जाड चिकटपट्टी, पातळ तार. वीस-पंचवीस किमी खडखडाटाने मागच्या पेट्यांचे आणि नंबरप्लेटचे बोल्ट सैल होतात, मध्ये थांबाल तेव्हा हाताने हलवून बघा. मोबाइल हँडलला लावणार असाल तर दणके शोषणाऱ्या जोडणीवरच लावा. फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, ती अशा कंपनांनी बिघडू शकते.

आडवाट

हवेबाबत मी थोडं वेगळं सांगेन. भाड्याच्या बाइकवर पहिल्यांदाच खडी चालवणाऱ्याने २.०/२.२ पर्यंतही उतरू नये. पुढे २.२ आणि मागे २.४ ठेवा, वेग ३० च्या आसपास. कमी हवेचा फायदा जाणवायला हात बसलेला लागतो. चरीचा काठ नजरेतून सुटणं मात्र नवख्याकडूनच जास्त होतं, आणि तेव्हा जास्त हवाच रिम वाचवते.

चालवण्याबद्दल. हा रस्ता अवघड नाही. जुना लष्करी रस्ता आहे, उतार बेताचे आहेत. अडचण दोन जागी येते: फिनेस्त्रेच्या वरच्या हेअरपिन वळणांवर आणि धारेवरच्या आडव्या चरींवर.

हेअरपिनला आतली बाजू तीव्र चढाची आणि खोल चाकोरीची असते, बाहेरच्या बाजूला सुटी खडी साठते. दोन्ही टाळून मधल्या दाबलेल्या पट्ट्यावरून जा. वळणाच्या आधी पहिला किंवा दुसरा गिअर टाकून घ्या, वळणात गिअर बदलू नका. थ्रॉटल थोडासा आणि सारखा ठेवा. बाइक आत झुकवा, तुमचं शरीर मात्र बाहेरच्या बाजूला आणि वजन बाहेरच्या फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर). डांबरावर शरीर आत जातं, इथे त्याच्या उलट, कारण खडीवर टायरला खाली दाबणारं वजन हवं, बाजूला ढकलणारं नको. नजर वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे बघितलंत की हँडलही तिकडेच वळतं, कठडा बहुतेक ठिकाणी नाही.

चरी म्हणजे पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेला काढण्यासाठी खणलेले आडवे पाट. चाक चरीला काटकोनात आणून पार करा, तिरके गेलात तर पुढचं चाक काठावरून घसरतं. उभे रहा, गुडघ्यांनी टाकी हलकी धरा, कोपर बाहेर, हँडल सैल हातात. चरीच्या आधी ब्रेक सोडून द्या. चरीत ब्रेक दाबलेला राहिला तर पुढचं सस्पेन्शन आधीच खाली बसलेलं असतं, दणका शोषायला जागा उरत नाही. सारखं उभं राहायची गरज नाही. गुळगुळीत भागात बसून जा, पाय दमले की चुका होतात.

वळणांच्या आधी आणि नंतर रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. गाड्या तिथे ब्रेक मारतात आणि वेग घेतात, त्यानेच त्या तयार होतात. म्हणून ब्रेक सगळ्यांच्या आधी, लाटा सुरू होण्यापूर्वी लावा.

उतारावर इंजिन ब्रेक मुख्य, मागचा ब्रेक सोबतीला, पुढचा दोन बोटांनी अगदी हळू. बाइकला एन्ड्युरो किंवा ग्रॅव्हल मोड असेल तर तो घ्या. बऱ्याच बाइकमध्ये या मोडला मागचं एबीएस बंद होतं किंवा उशिरा काम करतं, पुढचं चालू राहतं. ते तसंच हवं. इग्निशन बंद करून परत चालू केलं की अनेक बाइक मोड विसरतात, फोटोला थांबलात की पुन्हा तपासा. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण चालू असेल तर चढावर सुट्या खडीत ते इंजिनाची ताकद तोडतं आणि बाइक वळणातच उभी राहते, पाय टेकवायला जमीन लांब असताना.

मागे बसण्याबद्दल: फिनेस्त्रेचे ८ किमी आणि आसिएत्ताचे ३४ किमी, दोन्ही वेळी पत्नीला गाडीत बसवा. तुमच्याकडे गाडी आहेच. मागे माणूस असला की चालवणाऱ्याला उभं राहता येत नाही, वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं होऊन हेअरपिनला बाहेर वाहतं. अनुभवी जोड्या हे करतात, पण पहिल्या खडीला नको. बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पेट्याही गाडीत टाका. पाय घसरून बाइक आडवी झाली तर पेटीखाली पोटरी सापडून हाड मोडतं, कापडी पिशवीने ते टळतं.

स्टेपनी

गाडीपुरतं. कोरडा रस्ता असेल तर फोर-व्हील-ड्राइव्ह लागत नाही. पोटाखाली १७-१८ सेंटिमीटर जागा असेल तर सुखाने जाते, १४ च्या हॅचबॅकनेही सावकाश होतं, पण चरीत इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला (ऑइल संप) दगड लागण्याची भीती राहते. चार माणसं आणि सगळं सामान भरलं की हीच जागा दोन-तीन सेंटिमीटरने कमी होते, ते धरून चला.

घेताना डिकी उघडून स्टेपनी बघा. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी फेसाची बाटली आणि कॉम्प्रेसर असतो. बाजूची भिंत फाटली तर फेसाचा काही उपयोग नाही. स्टेपनी असलेलीच गाडी मागा, निदान बारीक चाकाची तरी. टायर २.४ वरून २.० पर्यंत आणा, त्याखाली नको.

२,५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्के घनतेची असते. टर्बो नसलेलं इंजिन साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावतं, म्हणून फिनेस्त्रेच्या चढाला पहिला गिअर लावायला कचरू नका. वळणावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरण्याने क्लच जळतो. पूर्ण थांबा, हँडब्रेक लावा, मग सोडा.

समोरून गाडी आली तर इटलीच्या नियमाने अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून कडेला व्हायचं. मात्र चढणाऱ्याच्या बाजूलाच थांबायची जागा असेल आणि नाहीतर कोणाला तरी मागे जावं लागणार असेल, तर चढणाऱ्याने ती जागा वापरायची. उजव्या बाजूने चालवायची सवय नसलेल्या मित्रांना हे आधी समजावून ठेवा. घाबरल्या क्षणी हात आपोआप डावीकडे वळतात. कडेला होताना बाहेरच्या साइडपट्टीवर चाक चढवू नका, ती पावसाने आतून पोखरलेली असते.

बाइकच्या मागे किमान १०० मीटर अंतर ठेवा, धुरळा खाली बसू द्या. सायकलवाल्यांना ओलांडताना वेग १५ वर. फिनेस्त्रेवर २००५ पासून जिरो द'इतालिया ही सायकल शर्यत अनेकदा आली आहे, त्यामुळे चढावर सायकली भरपूर असतात. नऊ टक्क्यांच्या चढावर धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडात धूळ उडवणं वाईट.

खिंडवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्नी आणि पेट्या गाडीत, हे पक्कं. भाडेकंपनीला आजच ईमेल करतो. दोन शंका राहिल्या. धारेवर असताना पाऊस आला तर काय करायचं? आणि आसिएत्ता त्या दिवशी बंदच निघाला तर जवळपास दुसरं काही आहे का?

तुरिनकर

जुलैत पाऊस येतो तो दुपारच्या वादळाचा. अकरा वाजता शिखरांवर फुलकोबीसारखे ढग उभे चढताना दिसले की फोटो थांबवा आणि चालू लागा. वीज कडाडत असेल तर तेस्ता देल'आसिएत्ताच्या उघड्या माथ्याजवळ किंवा एकट्या क्रुसाशेजारी उभं राहू नका. बाइकवाल्यांनी बाइकपासून दूर होऊन गाडीत बसावं, बंद पत्र्याची गाडी त्यातल्या त्यात सुरक्षित. गाडी बाइकच्या मागेच ठेवण्याचं हेही एक कारण. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटं थांबून निघा. ओला कॅल्कशिस्ट निसरडा असतो आणि चरींतून पाण्याबरोबर दगड वाहून आलेले असतात, सकाळी पाहिलेला रस्ता आता तोच नसतो. दरीकडे उतरणारे फाटे जवळचे वाटले तरी मोटारबंदीची पाटी असेल तर त्यात शिरू नका. पिएमोंतेत रस्ता सोडून रानात वाहन घालण्यावर १९८२ पासून प्रादेशिक कायद्याने बंदी आहे. अर्ध्याहून कमी अंतर झालं असेल तर परत पियान देल आल्पेकडे, नाहीतर पुढे सेस्त्रिएरेकडे. आपत्तीचा क्रमांक ११२. सिग्नल सलग मिळत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि किलोमीटर मोजत चला.

मेंढ्यांचा कळप दिसला तर इंजिन बंद करून थांबा. लांडगे परत आल्यापासून इथल्या कळपांसोबत मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. हॉर्न वाजवू नका, बाइकवरून पाय टाकून त्यांच्यामधून चालत जाऊ नका. मेंढपाळ हाताने खूण करतो, मग निघा.

आसिएत्ता बंद असेल तर फिनेस्त्रे एकटी करून किझोने खोऱ्यात डांबरावरून उतरा. आठ किमी खडीनेही हात बऱ्यापैकी बसतो. दक्षिणेला लिमोने ते मोनेसी हा मिठाचा जुना मार्ग आहे, सुमारे ३९ किमी. त्याला तिकीट लागतं, रोजच्या वाहनांवर मर्यादा असते, मंगळवारी आणि गुरुवारी मोटारी बंद. म्हणून तो ऐनवेळी ठरवायचा नाही, आधी बुकिंग करायचं. फ्रान्सच्या बाजूला पार्पायोंचा बोगदा आहे, सुमारे २,६४० मीटरवर. आत काळोख, चिखल आणि उन्हाळ्यातही बर्फाचा थर असू शकतो, पहिल्या खेपेला नको. बार्दोनेक्कियाहून सोमेयेरला जवळजवळ ३,००० मीटरपर्यंत चढता येतं, पण वरचा भाग जास्त सुटा आणि खडबडीत आहे, बर्फही उशिरा वितळतो, आणि छोट्या गाडीला तो मानवणार नाही. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या उम्ब्राइल खिंडीचं नाव कोणी सुचवलं तर तो खडीचा तुकडा २०१५ मध्ये डांबरी झाला.

स्पोकपाना

आडवाट यांचं २.२/२.४ भाड्याच्या अलॉय चाकांना मलाही पटतं, तेच ठेवा. बाइक ताब्यात घेताना रिमच्या दोन्ही कडांचे, इंजिनाखालच्या पत्र्याचे आणि लिव्हरच्या टोकांचे तारीखवार फोटो काढा, आधीची वाकलेली रिम तुमच्या नावावर पडायला नको. चेन त्यांच्याच समोर तपासून घ्या. मागे वजन बसलं की चेन ताणली जाते, म्हणून ढिलाई स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) चिठ्ठीत दिलेल्या मापाच्या वरच्या टोकाला असू द्या. धुळीचा दिवस झाल्यावर ओल्या तेलावर खडीची पूड चिकटते, संध्याकाळी फडक्याने पुसून मगच नवीन तेल लावा.